काटा पडला म्हणून इंजिन उघडू नका, दिवा लागला म्हणून वायर काढू नका



आपल्या या पत्रिकेत उसाविषयी दर अंकात काही ना काही छापून येते. बेणे कसे निवडावे, खोडवा कसा राखावा, पाचट का जाळू नये, हे आपण वाचता आणि त्याप्रमाणे करताही. वाहनाविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. वास्तविक आज आपल्या गटागटांतून किती जुन्या जीपगाड्या, मोटारी आणि ट्रॅक्टर धावत आहेत! अ‍ॅम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनी त्याच्याही आधी बंद झाली. तरी कुणाच्या ना कुणाच्या शेडमध्ये अजून एखादी जुनी गाडी पुसून-पासून ठेवलेली दिसतेच. अशा गाडीला जपणे हा काही नुसता शौक नाही. नवी घेणे परवडत नाही म्हणूनही आपण ती चालवतो.

या अंकात आम्ही वर्कशॉपवाले दोन प्रसंग आपल्यापुढे ठेवणार आहोत. दोन्ही २०२३-२४ च्या गळीत हंगामातले. पहिल्यात आमचे बरोबर आले, दुसऱ्यात आमची चूक झाली. पहिला सांगायला कोणालाही आवडेल. दुसरा सांगितल्याशिवाय पहिला सांगू नये, असे आमचे सर्वांचे मत पडले, म्हणून दोन्ही लिहितो.

रात्रीचा फोन

जानेवारीतली गोष्ट. शेतकी खात्याची जुनी डिझेल जीप रात्री पाळीवर होती. तोडणीच्या टोळ्या कुठवर आल्या, गाड्या कोणत्या शिवारात अडकल्या, हे बघत फिरायचे तिचे काम. साडेदहाच्या सुमारास ड्रायव्हरचा फोन आला. "मिस्त्री, आईल प्रेशरचा काटा खाली पडतोय. मधीच पडतोय, मधीच वर येतोय. काय करू? गाडी आणू का तिथंच ठेवू?"

आमचे हेडफिटर जागेच होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इंजिनचा आवाज बदललाय का?"

"न्हाई. आवाज हाय तसाच हाय."

"बंद कर आणि पट्टी काढून बघ तेल किती आहे."

तेल वरच्या खुणेच्या जरा खाली, म्हणजे पुरेसे होते. तरीही मिस्त्रींनी गाडी चालवू दिली नाही. ट्रॅक्टरला दोर बांधून ती वर्कशॉपात आणली. त्या रात्री शेतकी खात्याचे लोक मोटारसायकलवर फिरले आणि आम्हाला थोडे बोलले, ते आम्ही ऐकून घेतले.

सकाळी तालुक्याच्या गावातले एक गॅरेजवाले दुसऱ्या कामासाठी आले होते. त्यांनी काटा बघितला, मान हलवली आणि म्हणाले, "बेअरिंग गेल्यात. इंजिन उतरवा." खर्चाचा अंदाज विचारला, तर ७० हजारांच्या आसपास. ऐन हंगामात एवढा खर्च आणि वर आठ-दहा दिवस गाडी उभी! शेतकी खात्याचे साहेब कपाळाला हात लावून बसले.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, काटा सांगतो ते खरं असेल किंवा खोटं असेल. आधी तेवढं तरी बघू. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं नको व्हायला."

तेलाचा दाब म्हणजे काय

पुढचे सांगण्याआधी थोडे मूळ समजून घेऊ. इंजिनाच्या खाली चेंबरमध्ये तेल असते. पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि बारीक वाटांनी क्रँकच्या बेअरिंगपर्यंत दाबाने पोचवतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ थर राहतो. लोखंड लोखंडाला लागत नाही ते या थरामुळे. थर गेला, की काही मिनिटांत बेअरिंग चिकटते आणि इंजिन जाम होते.

हा दाब आपण पौंडात मोजतो. मीटर किलोचे असेल तर १ किलो म्हणजे साधारण १४ पौंड धरावे. इंजिन थंड असताना तेल घट्ट असते, दाब जास्त दिसतो. गरम झाल्यावर तेल पातळ होते, दाब उतरतो. जुन्या गाड्यांना एक ढोबळ हिशेब लावतात: गरम इंजिनाला दर १००० फेऱ्यांमागे १० पौंड दाब मिळाला की समाधान मानावे. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो.

हा दाब ड्रायव्हरला कळवण्याच्या जुन्या गाड्यांत दोन तऱ्हा आहेत.

एक लाल दिव्याची. इंजिनाच्या अंगावर एक छोटा स्विच बसवलेला असतो. दाब नसला, की तो आतून जोडलेला राहतो आणि दिव्याच्या वायरला इंजिनाच्या अंगाशी अर्थ मिळतो; दिवा लागतो. दाब आला की तो सुटतो आणि दिवा विझतो. हा स्विच साधारण ४ ते ८ पौंडांच्या दरम्यान उलटतो. म्हणजे इंजिन चालू असताना हा दिवा लागला, तर दाब थोडा कमी झाला असे समजू नये. तो जवळजवळ गेलाच आहे असे समजावे.

दुसरी तऱ्हा काट्याची. तिथे स्विचच्या जागी सेंडर असतो. त्याच्या पोटात एक पातळ पडदा आणि एक रेझिस्टन्स असतो. तेलाचा दाब पडद्याला ढकलतो, रेझिस्टन्स बदलतो आणि त्याप्रमाणे डॅशबोर्डवरचा काटा फिरतो. बहुतेक जुन्या सेंडरना एकच वायर येते. दुसरी जोडणी, म्हणजे अर्थ, त्याला आपल्या आट्यांतून इंजिनाच्या अंगाकडूनच मिळते.

आता यातली गोम अशी, की काटा दाब दाखवतो असे आपण म्हणतो, पण काट्याला तेल कधी दिसत नाही. त्याला फक्त वायरमधून येणारा करंट समजतो. वायरीत बिघाड झाला तरी काटा फिरतो, आणि तो इंजिनाचा बिघाड की वायरीचा, हे काट्याकडे बघून सांगता येत नाही.

दुसऱ्या काट्याने पहिला काटा तपासला

आपल्या कारखान्याचा वजनकाटा आपण कसा तपासतो? माहीत असलेले वजन त्यावर ठेवतो. बॉयलरवर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचा दोन का असतात? एकीने दगा दिला तर दुसरी असावी म्हणून. मोटारीलाही हाच न्याय लावायचा.

मिस्त्रींनी इंजिन थंड असताना सेंडर काढला आणि त्या जागी साधा यांत्रिक मीटर बसवला. यात वीज नाही, वायर नाही. तेल स्वतः नळीतून मीटरपर्यंत जाते आणि काटा ढकलते. बसवताना दोन काळज्या घेतल्या. आटे जुळतात का हे आधी हाताने फिरवून पाहिले, कारण निरनिराळ्या गाड्यांचे आटे निरनिराळे असतात आणि जोर केला तर इंजिनाचे आटे जातात. नळी सायलेन्सरच्या गरम पाइपपासून दूर बांधली, कारण गरम तेल अंगावर उडाले तर मोठा भाजतो.

गाडी सुरू केली. थंडीत मीटर ६० पौंडांवर गेला. अर्धा तास चालवून इंजिन चांगले तापू दिले. मंद चालीला १८ पौंड, २००० फेऱ्यांना ४२ पौंड. वर्कशॉपच्या आवारात खाचखळग्यांतून गाडी फिरवली, तरी मीटरचा काटा एकदाही पडला नाही.

म्हणजे इंजिन ठणठणीत होते. इतका वेळ सर्वजण ज्याला दोष देत होते त्याचा काही गुन्हा नव्हता. आता चोर शोधायचा तो वायरीच्या वाटेवर.

सेंडर, वायर, की काटा?

इथे तीनच ठिकाणे उरतात आणि ती एकेक करून बाद करता येतात.

आधी सेंडर परत बसवला. आट्यांना टेप गुंडाळला नाही. पुष्कळ जण गळती नको म्हणून टेप लावतात, पण टेपने आटे आणि इंजिन यांच्यातला अर्थ तुटतो आणि नवाच घोळ सुरू होतो. सेंडरची वायर काढून मीटर ओहमवर लावला आणि सेंडर मोजला. इंजिन बंद असताना ११ ओहम, गरम इंजिनाला मंद चालीवर ५५ च्या आसपास, रेस केल्यावर ११० च्या वर. दाबाबरोबर आकडा सावकाश वाढतो, सावकाश उतरतो, मधेच उडी मारत नाही. सेंडर चांगला.

मग काटा. इंजिन बंद, चावी चालू. सेंडरची वायर सुटी धरली, तर काटा उजवीकडे टोकाला गेला. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या अंगाला टेकवली, तर काटा शून्यावर आला. म्हणजे काटाही चांगला. येथे एक सांगितले पाहिजे, सगळ्या गाड्यांचे काटे या दिशेने चालत नाहीत. काही सेंडर दाब नसताना २४० ओहम दाखवतात आणि दाब वाढला की उतरत जातात; त्या गाड्यांत वायर सुटली की काटा शून्यावर आणि अर्थ झाली की टोकाला, असे उलटे होते. म्हणून आपल्या गाडीचा काटा कोणत्या जातीचा, ते आधी ठरवावे.

आमच्या जीपच्या जातीत काटा शून्यावर येण्याची कारणे दोनच. एक, दाब खरोखर शून्य. दुसरे, वायर वाटेत कुठेतरी बॉडीला टेकते आहे. पहिले बाद झालेच होते.

मिस्त्रींनी सेंडरकडची वायर सुटीच ठेवली. चावी चालू. काटा टोकाला. एका पोराला डॅशबोर्डपुढे बसवले आणि स्वतः वायर हातात धरून सेंडरपासून मागे मागे हलवत निघाले. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याशी पोचले, तोच पोरगा ओरडला, "पडला! पडला!"

त्या पत्र्याला वायरी आत जाण्यासाठी एक भोक असते आणि भोकाला रबराची कडी असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती कडी वाळून गळून पडली होती. पत्र्याच्या धारेने वायरीचे कातडे सोलले होते. सरळ रस्त्यावर काही होत नव्हते. खड्डा आला, की तांबे पत्र्याला लागायचे आणि काटा शून्यावर यायचा. गाडी सरळ झाली, की पुन्हा वर.

सोललेला तुकडा कापून नवीन वायर जोडली, पक्के झाळले, नळी चढवली, नवी रबरी कडी बसवली. खर्च शंभर रुपयांच्या आत. संध्याकाळी जीप पुन्हा शिवारात.

शेतकी खात्याच्या साहेबांनी सर्वांना चहा पाजला. आमची छाती दोन इंच फुगली. आणि इथेच घात झाला.

दुसरा प्रसंग

वर्कशॉपात त्यानंतर एक बोलणे रूढ झाले: "अहो, इंजिनला काही होत नसतं. सेन्सरच खराब असतो." येणाऱ्या-जाणाऱ्याला ही जीपची गोष्ट आम्ही चढवून-वाढवून सांगू लागलो.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सभासदांचा फोन आला. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची पेट्रोल गाडी आहे. "लाल दिवा लागतोय. गाडी गरम झाली की सिग्नलला, गेटवर, अशी उभी राहिली की लागतो. थोडी रेस दिली की विझतो. उद्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जिल्ह्याला न्यायचंय. काय करू?"

फोन आमच्यापैकी ज्याने घेतला तो जीपच्या कामात हाताशी होता. त्याने पट्टीवर तेल किती हे विचारले नाही. शेवटचे तेल कधी बदलले हे विचारले नाही. तो म्हणाला, "काका, स्विच खराब झाला असणार. वायर काढून ठेवा. हंगाम संपला की बघू."

काकांनी वायर काढली. दिवा विझला. जाताना गाडी नीट गेली, ऑपरेशनही चांगले झाले. तिसऱ्या दिवशी परत येताना घाटाच्या चढाला इंजिनात ठकठक सुरू झाली आणि वळणावर ते जाम झाले. डोळ्याला पट्टी बांधलेल्या आईला घेऊन ते रात्री रस्त्याच्या कडेला बसून राहिले. मागून येणाऱ्या दूधगाडीने दोघांना गावात आणून सोडले. जिवाला काही झाले नाही, ही देवाची कृपा.

गाडी वर्कशॉपात आणली, चेंबर उतरवला. पंपाच्या जाळीवर डांबरासारखा काळा गाळ बसला होता. तेल किती दिवस बदलले नव्हते, ते काकांनाही आठवेना. थंड असताना थोडेफार तेल जाळीतून जात होते. गरम झाले आणि फेऱ्या कमी झाल्या की दाब खाली जायचा. स्विच बिचारा तेच सांगत होता आणि अगदी बरोबर सांगत होता. क्रँक दोन ठिकाणी चरली होती.

काका रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "तुम्ही म्हणालात म्हणून वायर काढली हो."

त्यावर आम्हाला बोलायला तोंड नव्हते. इंजिन आम्ही रविवारी-रविवारी बसून बांधून दिले, मजुरी घेतली नाही. सुट्या भागांचा आणि क्रँकच्या कामाचा खर्च मात्र काकांनाच सोसावा लागला. उसाच्या पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा त्यात गेला.

दोन प्रसंगांतला फरक

दोन्ही ठिकाणी गाडी जुनी, दोन्ही ठिकाणी सूचना एकच: तेलाचा दाब गेला. एका ठिकाणी सूचना खोटी निघाली, दुसऱ्या ठिकाणी खरी. पहिल्या वेळी आम्ही हुशार होतो आणि दुसऱ्या वेळी मूर्ख, असे नाही. पहिल्या वेळी आम्ही मोजले आणि दुसऱ्या वेळी अंदाज बांधला, एवढाच फरक. गॅरेजवाल्यांनी न मोजता "बेअरिंग गेली" म्हटले तेव्हा आम्ही त्यांना हसलो. मग न मोजता "स्विच गेला" म्हणणारे आम्ही त्यांच्याहून वेगळे ते काय?

शिवाय लक्षणेही वेगळी होती, ती ऐकायला हवी होती. जीपचा काटा खड्ड्याबरोबर पडत होता. गरम-थंडाशी, फेऱ्यांशी त्याचा संबंध नव्हता. काकांचा दिवा गरम झाल्यावर, मंद चालीला लागत होता आणि रेस दिली की विझत होता. खरा कमी दाब बहुधा असाच वागतो. अर्थात खड्ड्याबरोबर पडणारा काटा नेहमीच खोटा असतो असेही समजू नका. चेंबरमध्ये तेल फार कमी असेल, तर चढाला आणि वळणाला पंप हवा ओढतो आणि खरोखरच दाब पडतो. म्हणून पट्टी बघणे कधीही चुकवू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दिव्याची वायर काढली, की दिवा विझतो. दाब चांगला असला, तरी दिवा विझलेलाच असतो. डॅशबोर्डवर बसून बघणाऱ्याला हे दोन्ही विझलेले दिवे सारखेच दिसतात. वायर आपोआप तुटली, बल्ब उडाला, तरी तसेच. म्हणून रोज सकाळी स्टार्टर मारण्यापूर्वी चावी चालू करावी आणि लाल दिवा लागतो की नाही हे बघावे. लागला तर पहारेकरी जागा आहे. लागला नाही, तर इंजिन सुरू करण्याआधी कारण शोधावे. याला काही पैसे पडत नाहीत.

आपण काय करावे

जुन्या गाडीचा दिवा लागला किंवा काटा पडला, तर पुढील क्रम धरावा.

१. इंजिन ताबडतोब बंद करावे. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असे म्हणू नये. खरा बिघाड असेल तर पुढचे गाव येतच नाही.

२. गाडी सपाटीवर घेऊन, पाच मिनिटे थांबून पट्टी बघावी. तेल कमी असेल तर भरावे आणि गळती शोधावी. तेलाला डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल किंवा ते चहाच्या रंगाचे झाले असेल, तर इंजिन सुरू करू नये. वास म्हणजे तेल पातळ झाले, आणि तो रंग म्हणजे त्यात पाणी शिरले.

३. इंजिनात ठकठक, खडखड असा नवा आवाज आला असेल तर वायरी बघण्यात वेळ घालवू नये. गाडी ओढून आणावी.

४. तेल पुरेसे आहे, आवाज नाही, तर यांत्रिक मीटर लावून खरा दाब मोजावा. थंड असताना, गरम झाल्यावर, मंद चालीला आणि रेस देऊन, असे चारही आकडे लिहून ठेवावेत. इंजिन सुरू केल्यावर दहा सेकंदांत मीटरवर दाब आला नाही, तर लगेच बंद करावे.

५. खरा दाब कमी निघाला, तर सेन्सरचा विषय संपला. तेलाचा दर्जा, फिल्टर, जाळी, पंप, दाबाचा व्हॉल्व्ह आणि शेवटी बेअरिंग, या क्रमाने बघत जावे. स्वस्त ते आधी, महाग ते नंतर.

६. खरा दाब चांगला निघाला, तरच वायरीकडे वळावे. लाल दिव्याच्या गाडीत स्विचची वायर काढावी. दिवा विझला तर स्विच खराब. वायर काढूनही दिवा लागलेलाच असेल, तर दिव्यापासून स्विचपर्यंत वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. काट्याच्या गाडीत वर सांगितल्याप्रमाणे सेंडर, काटा आणि वायर एकेक करून बाद करावेत. तेलाच्या काट्याबरोबर डिझेलचा आणि पाण्याच्या गरमीचा काटाही नाचू लागला, तर तिन्ही सेंडर एकदम जात नसतात. इंजिनाची अर्थ पट्टी गंजली आहे का, डॅशबोर्डच्या काट्यांना करंट नीट पोचतो का, हे बघावे.

७. तपासण्यासाठी काढलेली वायर काम झाल्यावर परत लावावी. न लावता गाडी शेडबाहेर काढू नये.

एक सूचना नव्या गाड्यांसाठी. वरील वायर टेकवण्याच्या परीक्षा फक्त जुन्या, एका वायरीच्या स्विचला आणि सेंडरला लागू आहेत. नव्या गाड्यांत तीन वायरींचा सेन्सर असू शकतो. त्यातल्या एकीवर ५ व्होल्ट, एकीला अर्थ आणि तिसरीतून कंप्युटरला निरोप जातो. तिथे वायर बॉडीला टेकवून बघण्याचे धाडस करू नये, कंप्युटरच बिघडायचा. असे वाहन स्कॅनर असलेल्या ठिकाणी दाखवावे. तरीही तिथल्या कारागिराला एवढे अवश्य विचारावे: "दाब मीटर लावून मोजला का?"

शेवटी

काकांच्या प्रसंगानंतर वर्कशॉपात आम्ही एक नियम केला आहे. फोनवरून कोणीही कोणाला "वायर काढा" किंवा "इंजिन उतरवा" असे सांगायचे नाही. पट्टी, आवाज, शेवटचे तेल कधी बदलले, दिवा गरमीत लागतो की थंडीत, हे चार प्रश्न विचारायचे आणि गाडी बंद ठेवायला सांगायचे. प्रश्नांचा कागद फोनजवळ भिंतीला चिकटवला आहे. ज्याने त्या दिवशी फोन घेतला होता, त्यानेच तो आपल्या हाताने लिहिला.

यांत्रिक मीटर आणि दोन-तीन प्रकारच्या आट्यांचे सांधे वर्कशॉपात ठेवले आहेत. ज्या सभासदांच्या जुन्या मोटारीला, जीपला किंवा ट्रॅक्टरला दाबाविषयी शंका असेल, त्यांनी आणून मोजून घ्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. येताना गाडीचे पुस्तक असेल तर बरोबर आणावे आणि तेल बदलल्याची तारीख आठवत असावी. आठवत नसेल, तर तेल बदलण्याची वेळ झाली आहे असे समजून ते आधी बदलावे.

काकांची गाडी आता पुन्हा धावते आहे. परवा ते आईला घेऊन कारखान्यावर आले होते. गेटपाशी गाडी बंद केली, परत निघताना चावी फिरवली आणि आम्हाला हाक मारून दाखवले, लाल दिवा लागला होता. मग स्टार्टर मारला. दिवा विझला. ते हसले आणि निघाले.

कळावे.

– वाहन विभाग